पाणी घालण्याआधी

सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी हा नीतीचा विषय होतो. पारा 42 अंशांच्या पुढे जातो, नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं येतं ते क्षारांनी जड झालेलं. अशा गावात गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्या माणसाला रोज सकाळी ठरवावं लागतं: हे तांब्याभर पाणी कुणाला, किती आणि का? मी आयुष्यभर महाविद्यालयात संस्कृत आणि न्यायशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर जास्वंद, मोगरा, लिंबू, कढीपत्ता आणि तुळस यांच्या सहवासात राहते. वर्गात जो प्रश्न मी पुस्तकातून शिकवत होते, तो इथे रोज समोर येतो. समोरच्याची गरज न ओळखता, पण नेमाने आणि मनापासून केलेलं देणं, हे पुण्य आहे का?

आमच्या इमारतीतली माणसं माझ्याकडे पान घेऊन येतात. "बाई, पान पिवळं पडलंय. काय घालू?" कुणी शेणखत विचारतं, कुणी ताक, कुणी चहाचा चोथा, कुणी दुकानातून आणलेली युरियाची पुडी दाखवतं. सगळ्यांची कळकळ खरी असते. पण "काय झालंय?" असं विचारणारं माणूस क्वचित भेटतं. देण्याची घाई इतकी असते की घेणाऱ्याचं काय दुखतंय हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून मी आता एकच सांगते: पान तोडून आणू नका, मला कुंडीपाशी न्या.

तोडलेलं पान निम्मा पुरावा मागे ठेवून येतं. ते खालचं जुनं पान होतं की शेंड्याचं कोवळं? पश्चिमेच्या कठड्याकडचं की भिंतीच्या सावलीतलं? एकटंच पिवळं होतं की त्या बाजूची सगळीच? खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडलं असेल, मुळं पाण्यात बसली असतील, किंवा पानाचं वय झालं असेल. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह मिळत नाही. टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळत असतील तर पुष्कळदा क्षार साठलेले असतात. सावलीतली कुंडी एकदम उन्हात ठेवली की उन्हाकडच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग उमटतात. आणि पानावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसले तर ते उलटून पाहावं. खालून बारीक जाळी आणि हलणारे तांबूस कण दिसले की तो लाल कोळी. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात तो फार माजतो. सात कारणं, आणि तक्रार एकच: पान बिघडलं.

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या वाटेला न्यायदर्शनात शेषवत् अनुमान म्हणतात. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं त्याचं उदाहरण नदीचं आहे. नदी फुगलेली दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण समजतो. पण न्यायसूत्रांतच यावर एक आक्षेप नोंदवला आहे. नदी बांध घातल्यानेही फुगते, मग अशा अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा? नैयायिकांचं उत्तर मला नेहमीच फार थोर वाटत आलं आहे. ते सांगतात, चूक अनुमानाची नाही, अनुमान करणाऱ्याची आहे. पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यातून पानं, फळं, लाकडं वाहत येतात. बांधाने तुंबलेल्या पाण्यात हे काही नसतं. "नदी फुगली" एवढंच पाहून जो थांबला, त्याने अर्धवट पाहिलं.

कुंडीतल्या झाडाने मान टाकली, हीही अशीच फुगलेली नदी आहे. तहानेनेही मान पडते आणि पाणी जास्त झाल्यानेही पडते. नैयायिकांच्या भाषेत हा अनैकांतिक हेतू. दोन्ही पक्षांकडे जाणारा, म्हणून एकट्याने काहीच सिद्ध न करणारा.

गेल्या पावसाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी मला त्यांच्या जास्वंदीपाशी नेलं. प्लास्टिकची कुंडी, खाली ताटली, ताटलीत पाणी. पानं हिरवी असूनही लोंबलेली, खालची काही पिवळी. "आजी, मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी हिची तहान भागत नाही," त्या म्हणाल्या. मी मातीत बोट दोन पेरं खाली घातलं. ओल तर होतीच, वर कुजकट वास. कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढलं. मुळं तपकिरी झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल बोटांत आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा राहिला. निरोगी मूळ पांढुरकं, टणक असतं. या मुळांना पाणी मिळत नव्हतं हे खरंच होतं. पण ती पाण्यात बुडालेली होती म्हणून मिळत नव्हतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजवणाऱ्या बुरशा त्यांचा ताबा घेतात आणि पाणी वर चढवणारी वाटच बंद होते. मग पानं तहानेने मान टाकतात, आपण ते पाहून आणखी पाणी घालतो, आणि जितकी माया जास्त तितका शेवट जवळ येतो.

आम्ही कुजलेली मुळं कापली, शेंडे थोडे छाटले, शेणखत आणि वाळू मिसळलेल्या मोकळ्या मातीत झाड लावलं, ताटली काढून टाकली आणि कुंडी सावलीत ठेवली. सूनबाईंना सांगितलं, एकदा पाणी दिलंय, आता वाफसा येईपर्यंत पुन्हा नाही. त्यांना ते जड गेलं. झाड मान टाकून उभं आहे आणि आपण तांब्या खाली ठेवायचा, याला मोठा संयम लागतो. काही आठवड्यांनी शेंड्याला नवी पालवी आली.

झाडाला जीव आहे का, यावरचा आपल्याकडचा एक अतिशय सुंदर संवाद महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्मात आहे. भरद्वाज भृगूंना विचारतात की झाडं पाहत नाहीत, ऐकत नाहीत, त्यांना गंध-रस कळत नाही, मग ती पंचमहाभूतांची कशी? भृगू उत्तरादाखल निरीक्षणं मांडत जातात. उष्णतेने पानं आणि फुलं म्लान होतात, म्हणजे स्पर्श आहे. मेघगर्जनेने फुलं-फळं गळतात, म्हणजे श्रवण आहे. वेल वाट शोधत झाडाला वेढते, म्हणजे दृष्टी आहे. झाडं मुळांनी पाणी पितात, आजारी पडतात, उपचाराने बरी होतात. म्हणून त्यांना सुखदुःख आहे, जीव आहे. आजचं वनस्पतिशास्त्र यातली प्रत्येक पायरी मान्य करणार नाही. पण या युक्तिवादाची पद्धत मला मोलाची वाटते. झाडातल्या जीवाचा शोध भृगू कोमेजलेल्या पानापासून सुरू करतात. ज्याने पान नीट पाहिलं नाही त्याला झाडातला जीव मान्य करण्याचा अधिकारच पोचत नाही, इतक्या या दोन्ही गोष्टी जवळच्या आहेत.

आता पाहूनही कळलं नाही तर? पुष्कळदा असंच होतं. माती ना ओली ना कोरडी, पानावर कीड दिसत नाही, तरी झाड खंगत जातं. चरकसंहितेत अशा गूढ लक्षणांच्या रोगासाठी एक वाट सांगितली आहे: उपशय आणि अनुपशय. थोडा उपाय करून पाहायचा, त्याने बरं वाटलं की वाढलं हे पाहायचं आणि त्यावरून रोग ओळखायचा. वात्स्यायनही भाष्याच्या आरंभी सांगतो की प्रमाणाचा खरेपणा त्यातून निघणाऱ्या कृतीच्या यशाने कळतो. संशय पूर्ण फिटेपर्यंत हातावर हात ठेवून बसा, असं या परंपरेने कधीच सांगितलं नाही. फक्त अट एक आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागा बदलली, खत घातलं, पाणी वाढवलं आणि औषधही फवारलं, तर झाड जगलं तरी आपण काही शिकलो नाही आणि मेलं तरी नाही.

इथे कुणी म्हणेल, मग सरळ नियम करा, पाणी कमी घाला. तसंही चालत नाही. माझ्याकडच्या लिंबाच्या पानांची टोकं उन्हाळ्यात जळू लागतात आणि मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर चढतो. ते बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. इथे रोज थोडं थोडं पाणी देणं हाच अपराध ठरतो. इथे एकदाच पोटभर, शक्य तर साठवलेलं पावसाचं पाणी, तळाच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत द्यावं लागतं, म्हणजे क्षार धुऊन निघतात. मोगऱ्याची गोष्ट आणखी निराळी. आमच्याकडची काळी माती चुनखडीची, पाणीही तसंच. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येईल अशा रूपात नसतं. नवी पानं फिकी पडतात. भांडार भरलेलं आहे आणि घेणारा उपाशी आहे. तिथे शेणखताच्या कितीही टोपल्या ओतल्या तरी ती उणीव तशीच राहते. लोहाचं चिलेट द्यावं लागतं, माती बदलावी लागते. एका झाडाला कमी, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला वेगळंच. शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन कुंड्यांचा धर्म एक नाही.

तुळशीपाशी हा प्रश्न सगळ्यांत नाजूक होतो. आंघोळ करून तुळशीला पाणी घालायचं हा आमच्या आई-आजीचा नेम, आणि माझाही आहे. पण श्रावणाच्या झडीत, माती आधीच चिंब असताना, वृंदावनात तांब्याभर पाणी ओतलं की तुळशीची पानं काळवंडतात, खोड बुडाशी कुजतं. घरोघरी दर पावसाळ्यात तुळस जाते आणि कार्तिकातल्या लग्नासाठी नवं रोप आणलं जातं. नेम मोडायचा की तुळस? मी याचं उत्तर असं काढलं आहे की नेम आहे तो तुळशीपाशी जाण्याचा, हात जोडण्याचा, तिला पाहण्याचा. पाणी पळीभरही पुरतं. ज्येष्ठात तीच तुळस दोन वेळा भरपूर पाणी मागते, तेव्हा पळीभर घालून नेम झाला म्हणणं हाही अन्यायच. नित्यकर्माने माणसाला रोज दारापर्यंत आणून सोडलं, हे त्याचं फार मोठं काम. पुढचं पाऊल डोळ्यांनी टाकायचं असतं.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो भक्तांकडून येतो. देव भावाचा भुकेला आहे. भक्तीने वाहिलेलं पान, फूल, पाणी तो स्वीकारतो, असं गीतेतच आहे. मग भाव शुद्ध असताना देण्यात चूक ती काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझं म्हणणं असं. देवाला भाव पुरतो, कारण देवाला कशाचीच उणीव नाही. तो पूर्ण आहे, म्हणून आपल्या पाण्याने त्याचं काही घडत नाही आणि बिघडतही नाही. तिथे जे घडतं ते देणाऱ्यात घडतं. झाड मात्र पूर्ण नाही. त्याला ठरावीक वेळी ठरावीक गोष्ट लागते आणि ती मिळाली नाही किंवा भलतीच मिळाली तर ते मरतं. ज्याला उणीव आहे त्याच्यापुढे नुसता भाव घेऊन उभं राहणं म्हणजे त्याची उणीव नाकारणं. गीतेच्याच सतराव्या अध्यायात दानाचा विचार करताना देश, काल आणि पात्र पाहून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटलं आहे, आणि ते न पाहता दिलेल्या दानाला तामस. आधीच्या अध्यायातला भाव आणि नंतरचा हा विवेक यांत मला विरोध दिसत नाही. पहिला देवाला देताना लागतो, दुसरा जीवाला देताना.

आमच्या गावाला ही गोष्ट आठशे वर्षांपासून माहीत असायला हवी. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन शरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांनी माणसं जमवून तळं खणलं. कोरड्या मुलखातल्या लोकांना पाणी देणं हेच त्यांचं कायक, म्हणजे श्रमातून केलेली भक्ती. त्यांची समाधी आजही त्या तळ्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या मंदिरात आहे. कन्नडमधल्या 'शून्यसंपादने' या ग्रंथात प्रसंग आहे की अल्लमप्रभू हे थोर शरण इथे आले ते तळ्याचं काम चालू असताना. त्यांनी सिद्धरामांना खडसावलं. दगड-मातीच्या या कामात आत्मज्ञान कुठे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. भक्त चिडले, पण सिद्धरामांनी ते ऐकून घेतलं आणि ते बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. तळं खणणाऱ्याला कुणी 'आधी जाण, मग दे' असं सांगावं आणि त्याने ते मानावं, ही दोन्ही माणसं मला सारखीच मोठी वाटतात. तळं बुजवा असं काही अल्लमप्रभू म्हणाले नाहीत. देण्यात 'मी देतो' एवढंच भरून राहिलं तर घेणारा दिसेनासा होतो, एवढं मी त्या प्रसंगातून घेते.

आणि हे झाडांपुरतं नाही. अंथरुणाला खिळलेलं वृद्ध माणूस, तान्हं मूल, मुकं जनावर, ज्यांना आपलं दुखणं सांगता येत नाही त्या सगळ्यांपाशी हाच प्रश्न आहे. आजीने ताटातलं अन्न बाजूला सारलं की आपण म्हणतो, "दोन घास तरी खा," आणि चमचा तोंडाशी नेतो. कवळी टोचतेय का, गिळताना दुखतंय का, औषधाने तोंड कडू झालंय का, हे पाहायला दोन मिनिटं थांबावं लागतं. चमचा पुढे करणं सोपं आहे, कारण त्यात आपल्याला आपलं प्रेम दिसतं. थांबण्यात फक्त ती दिसते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगावी लागते, आणि ती ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. जळालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. तुम्ही क्षार धुतलेत, जागा बदललीत, कोळी घालवलात, तरी तपकिरी झालेली कड तशीच राहते. लोक त्या पानाकडे रोज पाहतात आणि उपाय लागू पडला नाही म्हणून पुन्हा काहीतरी घालतात. निकाल नव्या पानावर वाचायचा असतो. आपल्या कर्मविचारात प्रारब्ध आणि क्रियमाण असा जो भेद केला आहे, तो मला इथे हाताने चाचपता येतो. जे उमटून गेलं ते भोगूनच संपेल, ते पान आपल्या वेळेने गळेल. आज जे करू ते पुढच्या पालवीत दिसेल. जुन्या पानाचा शोक करताना नवं पान बिघडवू नये, एवढंच आपल्या हाती आहे. काही झाडं सगळं नीट करूनही जातात. तेव्हा नीट पाहिलं होतं, याला अर्थ उरतोच, कारण त्याच्या शेजारच्या कुंडीला त्या पाहण्याचा उपयोग होतो.

सावता माळी आमच्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या अरणचे. पंढरीला न जाता मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, भाजीपाल्यात भेटला, असं परंपरा सांगते. लोक यातून कामात देव आहे एवढंच घेतात. पण मळा राखणारा माणूस आधी पाहणारा असतो. कुठल्या वाफ्यात वाफसा आलाय, कुठल्या पानाखाली मावा बसलाय, कुठल्या दारी पाणी फोडायचं आणि कुठलं आज बंद ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याचाच मळा पिकतो. ज्याला मुळ्याच्या पाल्यात विठ्ठल दिसतो, त्याला त्या पाल्यावरची कीडही दिसलीच पाहिजे. नाहीतर त्याने विठ्ठल पाहिला असं मी म्हणणार नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. गरज न ओळखता केलेलं देणं नेमाचं असेल, प्रेमाचंही असेल, पण ते अजून सेवा झालेलं नसतं. सेवा होते ती पाहण्याने. बोट दोन पेरं मातीत घाला, कुंडी उचलून तिचं वजन अजमावा, पान उलटून पाहा, भर दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी उभं राहतं का ते बघा. मग पाणी द्यायचं ठरलं तर भरपूर द्या. नाही द्यायचं ठरलं तर तो तांब्या तसाच खाली ठेवा, आणि आज काही दिलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्या झाडाला पाहिलंत. आमच्यासारख्या पाण्याला तरसलेल्या गावात न ओतलेलं ते तांब्याभर पाणी ज्याला खरोखर हवंय त्याच्यासाठी उरतं, आणि तेही दानच आहे.